पडद्यावर नसलेला जमाखर्च

 

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी आम्हाला विचारलं, की कारखान्याच्या संगणकीय नियंत्रण-प्रणालीची समीक्षा कशी काय करणार? समीक्षा कवितेची होते, नाटकाची होते. आमचं म्हणणं असं, की कंट्रोल रूममधला पडदा हासुद्धा कुणीतरी लिहिलेला मजकूरच असतो. काय दाखवायचं, काय गाळायचं, काय पहिल्या पानावर आणि काय आतल्या पानावर, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. तो मजकूर वाचणारा माणूस पुष्कळदा रात्री तीन वाजता एकटा बसलेला असतो. कवितेचा अर्थ चुकीचा लावला तर फार तर वाद होतो. इथे अर्थ चुकला तर माणसं मरतात. म्हणून या मजकुराची समीक्षा व्हायला हवी, आणि ती करायला आम्ही जरा उशीरच केला आहे. आम्ही म्हणजे असल्या प्रणाली बसवणारी मंडळी. तेव्हा आज जी टीका करणार आहोत ती आमच्यावरही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात अगदी मुळापासून करू, कारण सगळेच इंजिनिअर नाहीत. टाकीत पाणी येतंय आणि टाकीतून पाणी जातंय. पातळी ठरावीक राहायला हवी. पातळी वाढली की बाहेरचा व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडायचा, कमी झाली की थोडा बंद करायचा. मोजा, तुलना करा, दुरुस्ती करा, पुन्हा मोजा. याला लूप म्हणतात. पातळीच्या जागी तापमान घ्या, प्रेशर घ्या, प्रवाह घ्या, गोष्ट तीच. मोठ्या रिफायनरीत असे शेकडो लूप एकमेकांत गुंतलेले असतात. एकाची दुरुस्ती म्हणजे दुसऱ्याची गडबड.

संगणक येण्याआधी हे काम हवेच्या दाबावर किंवा विजेवर चालणारे कंट्रोलर करत. प्रत्येक लूपला एक डबा, आणि असे डबे कंट्रोल रूमच्या भिंतीवर ओळीने लावलेले. भिंत वीस-पंचवीस मीटर लांब असायची. वर लहान-लहान काचेच्या खिडक्या. काही बिघडलं की त्या-त्या खिडकीतला दिवा लुकलुकायचा आणि भोंगा वाजायचा. ही भिंत लक्षात ठेवा. तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

मार्च १९५९मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या पोर्ट आर्थर इथे टेक्साको कंपनीच्या रिफायनरीत एका पॉलिमरायझेशन युनिटचा ताबा संगणकाकडे गेला. संगणक होता आरडब्ल्यू-३००. अभ्यासाला सुरुवात १९५६मध्येच झाली होती. २६ प्रवाह, ७२ तापमानं, ३ दाब आणि ३ ठिकाणची रासायनिक घटकांची प्रमाणं एवढा त्याचा पसारा. कारखान्याची प्रक्रिया संगणकाने स्वतः चालवण्याचं हे पहिल्या काही उदाहरणांतलं ठळक उदाहरण मानलं जातं. पण बारकाईने पाहा. तिथे जुने कंट्रोलर काढले नव्हते. संगणक वर बसून हिशेब करायचा, की पाच रिअ‍ॅक्टरांना कच्चा माल कसा वाटला तर सगळ्यात फायद्याचं, आणि त्याप्रमाणे खालच्या कंट्रोलरांना आकडे सांगायचा. संगणक बंद पडला तरी भिंत जागेवर होती.

पुढचं पाऊल इंग्लंडमध्ये पडलं. १९६२मध्ये आयसीआय कंपनीच्या एका प्लांटमध्ये जुनी सगळी उपकरणं काढून त्यांच्या जागी फेरांटी कंपनीचा आर्गस हा एकच संगणक बसवला गेला. तो २२४ मापनं घ्यायचा आणि १२९ व्हॉल्व्ह थेट हलवायचा. इथे भिंत गेली. भिंतीच्या जागी आकडे दाखवणारी काही मोजकी उपकरणं आणि काही बटणं आली. पुढे १९७५मध्ये हनीवेलने टीडीसी २००० आणि योकोगावाने सेंटम या प्रणाली बाजारात आणल्या. एका मोठ्या संगणकाऐवजी अनेक लहान संगणकांत काम वाटून द्यायचं आणि ऑपरेटरला समोर पडदा द्यायचा. यालाच आज आपण डीसीएस म्हणतो, आणि आपल्याकडच्या एमआयडीसीतल्या बऱ्याच केमिकल प्लांटांत आज हीच मांडणी आहे.

या प्रगतीचा आम्हाला अभिमान आहे. उगाच नाक मुरडायला आम्ही इथे आलो नाही. संगणकामुळे इंधन वाचलं, माल सारखा निघू लागला, माणसांना धोक्याच्या जागी कमी जावं लागलं. प्रश्न वेगळा आहे. भिंत गेली तेव्हा तिच्याबरोबर काय गेलं, याचा हिशेब कुणी मांडला का?

दोन गोष्टी गेल्या. पहिली, जागा. भिंतीवर प्रत्येक गोष्टीला कायमची जागा होती. डावीकडे भट्टी, मधे कॉलम, उजवीकडे साठवण. अनुभवी ऑपरेटर दारातून आत येता-येता भिंतीकडे एक नजर टाकायचा आणि त्याला कळायचं, की आज कुठेतरी काहीतरी बरोबर नाही. पडद्यावर ही नजर टाकता येत नाही. पडदा एका वेळी एकच पान दाखवतो. प्लांटची पानं पन्नास, शंभर, दीडशे. तुम्ही ज्या पानावर आहात तिथे सगळं हिरवं, आणि आग भलत्याच पानावर. आपल्याकडे म्हणतात ना, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशातली गत.

दुसरी गोष्ट गेली ती किंमत. हे थोडं विचित्र वाटेल. भिंतीवर एक अलार्मची खिडकी वाढवायची तर वायर ओढावी लागायची, दिवा लावावा लागायचा, आणि मुळात जागा शिल्लक असावी लागायची. खर्च होता. म्हणून चार माणसं बसून ठरवायची, की हा अलार्म खरंच हवा का? डीसीएसमध्ये अलार्म फुकट झाला. एका ट्रान्समीटरला चार अलार्म सहज लागतात: जास्त, फार जास्त, कमी, फार कमी. पाचशे ट्रान्समीटर असले की दोन हजार अलार्म, आणि त्यासाठी कुणाला एक पैसाही मोजावा लागत नाही. जी गोष्ट फुकट मिळते तिची निवड कोणी करत नाही.

आता याचा परिणाम पाहू. कंपनी तीच, टेक्साको. पोर्ट आर्थरनंतर ३५ वर्षांनी. जागा वेल्समधलं मिलफर्ड हेवन. तारीख २४ जुलै १९९४, वार रविवार. सकाळी विजांचं वादळ झालं. वीज पडून एका युनिटमध्ये आग लागली, आणि त्याच्या धक्क्याने शेजारच्या क्रॅकिंग युनिटचा तोल गेला. पुढचे साधारण पाच तास ऑपरेटर प्लांट सावरत होते. दुपारी सव्वा-दीडच्या दरम्यान स्फोट झाला. सुमारे २० टन ज्वलनशील हायड्रोकार्बन बाहेर पडून पेटलं होतं. २६ माणसं जखमी झाली. कोणी दगावलं नाही. रविवारमुळे प्लांटवर माणसं कमी होती.

झालं होतं काय? एका कॉलममध्ये द्रव येत होता, पण बाहेर जायचा व्हॉल्व्ह बंद होता. पडद्यावर मात्र तो उघडा दिसत होता. कॉलम भरत गेला, द्रव फ्लेअरच्या दिशेने ढकलला गेला, आणि शेवटी फ्लेअरकडे जाणारी गंजून कमजोर झालेली पाइप फुटली. आपण सुरुवातीला टाकी पाहिली ना, तीच ही टाकी. येतंय आणि जात नाहीये. शाळेतल्या मुलाला विचारलं तरी तो सांगेल, की टाकी भरणार. मग पाच तास तिथल्या अनुभवी माणसांना हे का कळलं नाही?

ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने चौकशी केली आणि १९९७मध्ये अहवाल काढला. त्यातला एक आकडा नियंत्रण-प्रणाली बनवणाऱ्या प्रत्येकाने टेबलावर लिहून ठेवावा असा आहे. स्फोटाच्या आधीच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. भागाकार करा. दर अडीच सेकंदाला एक. वाचायचा, समजायचा, पोच द्यायची आणि कृती करायची, सगळं अडीच सेकंदात. शिवाय त्यातले बहुतेक सारख्याच महत्त्वाचे म्हणून लावलेले. कामाचा अलार्म त्या गर्दीत होता, पण तो गर्दीचाच भाग झाला होता.

अहवालाने आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि आमच्या मते ती २७५ या आकड्याहून मोठी आहे. पूर्ण प्रक्रियेचं एकत्र चित्र दाखवणारं पानच ऑपरेटरांकडे नव्हतं. अहवालाची शिफारस अशी, की पडद्याच्या मांडणीत प्रक्रियेचा आढावा हवा आणि जिथे लागू असेल तिथे मालाचा ताळेबंद हवा. किती आलं, किती गेलं. आपल्या वाण्याच्या वहीत असतो तो जमाखर्च. एवढा महाग संगणक, आणि त्याला ही बेरीज-वजाबाकी येत नव्हती असं नाही. ती करायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता एका निबंधाकडे वळू. मिलफर्ड हेवनच्या अकरा वर्षं आधी, १९८३मध्ये, लिझॅन बेनब्रिज या युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या मानसशास्त्राच्या अभ्यासिकेने 'ऑटोमॅटिका' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. जेमतेम पाच पानांचा. नाव साधारण 'स्वयंचलनातल्या विसंगती' अशा अर्थाचं. आमच्या क्षेत्रात इतकं थोड्या जागेत इतकं नेमकं लिहिलेलं दुसरं फारसं काही नाही.

बेनब्रिज काय म्हणतात ते आमच्या शब्दांत सांगतो. रचनाकाराला वाटतं, की माणूस चुका करतो, म्हणून माणसाला कामातून काढावं. पण तो रचनाकारही माणूसच. त्याच्या चुका प्रणालीत शिरून बसतात. दुसरं, ज्या गोष्टी यंत्रावर कशा टाकायच्या ते त्याला सुचत नाही, त्या तो ऑपरेटरवर सोडून देतो. म्हणजे ऑपरेटरचं काम म्हणून कोणी ठरवून काही बनवलेलं नसतं. जे उरलं ते त्याचं काम. तिसरं, रोज हाताने चालवणारा माणूस प्लांट ओळखतो. नुसता बघत बसणारा विसरत जातो. आणि हाताने चालवायची वेळ नेमकी तेव्हा येते, जेव्हा प्लांट सगळ्यात अवघड अवस्थेत असतो. चौथं, आजची स्वयंचलित यंत्रणा कालच्या हाताने काम केलेल्या माणसांच्या कसबावर तरून जाते. पुढच्या पिढीकडे ते कसब नसेल. आणि म्हणून ज्या प्रणालीत माणसाला क्वचितच हात घालावा लागतो, तिथेच त्याच्या प्रशिक्षणावर जास्त खर्च करावा लागेल. मालक खर्च वाचवायला स्वयंचलन आणतो, आणि निबंध त्याला सांगतो, की बाबा, खर्च इकडून तिकडे गेलाय.

निबंध चाळीस वर्षांहून जुना झाला, तरी यातलं काहीही खोडता येत नाही. पण समीक्षा करायला बसलो आहोत, तेव्हा आमचा एक आक्षेप नोंदवतो. निबंध रचनाकाराकडे एकटा विचार करणारा माणूस म्हणून बघतो. त्याला अमुक वाटतं, तमुक सुचत नाही. आमचा अनुभव असा, की प्रणाली कोणा एकाच्या विचारातून तयार होत नाही. ती मीटिंगमधून तयार होते.

त्या मीटिंगचं चित्र उभं करतो. टेबलाभोवती प्रोसेसचा माणूस, इन्स्ट्रुमेंटेशनचा, सेफ्टीचा, मेंटेनन्सचा, आणि पुरवठादाराचे आम्ही. यादी वाचली जाते. टॅग अमुक, हाय अलार्म लावायचा का? लावा. लो? लावा. कोणी 'नको' म्हणत नाही, कारण 'नको' म्हणणाऱ्याचं नाव लिहिलं जातं. उद्या काही झालं तर विचारतील, अलार्म का काढला होता? लावायला कोणाची सही लागत नाही, काढायला लागते. प्रत्येकाने आपापली बाजू सुरक्षित केली, आणि सगळ्यांची मिळून असुरक्षितता ऑपरेटरच्या पडद्यावर गोळा झाली. ऑपरेटर त्या मीटिंगला कधीच नसायचा. तो शिफ्टवर असायचा.

मग येते चाचणी. प्रणाली प्लांटवर जाण्याआधी पुरवठादाराकडे तपासली जाते, तिला फॅक्टरी अ‍ॅक्सेप्टन्स टेस्ट म्हणतात. एक-एक टॅग घ्यायचा, खोटा सिग्नल द्यायचा, अलार्म येतो का बघायचं, यादीवर टिक करायची. दोन हजार अलार्म, दोन हजार टिका, सगळ्यांच्या सह्या, चहा. एक-एक करून सगळं पास. पण प्लांट एक-एक करून बिघडत नाही. लाइट गेली की शंभर गोष्टी एकदम बिघडतात. ती चाचणी आम्ही कधी घेतलीच नव्हती. ती पहिल्यांदा घेतली एका ऑपरेटरने, एकट्याने, रात्रीच्या शिफ्टला.

हे आम्ही दुसऱ्याबद्दल सांगत नाही आहोत. एका कारखान्यात आम्ही प्रणाली बसवली होती. नाव सांगत नाही. जून महिना, पहिला मोठा पाऊस, वीज क्षणभर गेली आणि आली. पंप, मोटारी थांबल्या. काही आपोआप सुरू झाल्या, काही नाही. एका रिअ‍ॅक्टरच्या थंड पाण्याचा पंप सुरू झाला नाही. त्याचा अलार्म आला होता, अगदी बरोबर आला होता. यादीच्या सहाव्या पानावर. तापमान चढलं, रप्चर डिस्क फुटली, बॅच डम्प टाकीत गेली. बॅच वाया गेली, कोणाला इजा झाली नाही. डिस्क आणि टाकी होती म्हणून.

पॅनेलवर होते ते पन्नाशीचे गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणायचे. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारलं, "काका, आधी पंप का नाही बघितला?" ते म्हणाले, "साहेब, सगळंच लाल होतं. त्यातलं कुठलं लाल आधी बघायचं, ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

चौकशी झाली. अहवालात कारण लिहिलं गेलं: ऑपरेटरचं दुर्लक्ष. पुराव्याला आमच्याच प्रणालीचा लॉग होता, की अलार्म अमुक सेकंदाला आला आणि तमुक सेकंदाला त्यांनी पोच दिली. म्हणजे माहिती होती आणि कृती केली नाही. काकांना मेमो मिळाला, वेतनवाढ अडकली. आम्ही त्या खोलीत बसलो होतो. त्याच लॉगमध्ये त्या मिनिटात आणखी किती अलार्म आले होते, हे आम्हाला दिसत होतं. आम्ही बोललो नाही. कारण बोलायचं म्हणजे प्रणालीत दोष आहे असं म्हणायचं, आणि आमच्या कामाचं शेवटचं बिल बाकी होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो. त्या म्हणीतला चोर कोण होता, हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं.

म्हणून 'मानवी चूक' हा शब्द आला की आम्ही आता विचारतो, कोणत्या मानवाची? पडद्यासमोरच्या, की पडदा लिहिणाऱ्याच्या?

पुढे चला. मिलफर्ड हेवनचा अहवाल १९९७चा. १९९९मध्ये ब्रिटनमध्ये ईईएमयूए १९१ ही अलार्मविषयीची मार्गदर्शिका निघाली, आणि २००९मध्ये अमेरिकेत आयएसए १८.२ हे मानक. मार्गदर्शिकेची भूमिका सरळ आहे. ऑपरेटरला काही करावं लागत असेल तरच तो अलार्म. करण्यासारखं काही नसेल तर ती नुसती माहिती, तिने भोंगा वाजवू नये. सुरळीत चाललेल्या प्लांटमध्ये एका ऑपरेटरला दहा मिनिटांत एकापेक्षा जास्त अलार्म येऊ नयेत. मोठा बिघाड झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत दहाच्या आत असले तर माणूस ते सांभाळू शकतो. आता ते अकरा मिनिटांतले २७५ आठवा.

पण मार्गदर्शिका आली म्हणजे शहाणपण आलं, असं नसतं. २३ मार्च २००५. पुन्हा टेक्सास राज्य, गावाचं नाव टेक्सास सिटी, बीपी कंपनीची रिफायनरी. एक युनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करत होते. सुमारे १७० फूट उंच कॉलममध्ये तीन तासांहून जास्त वेळ द्रव आत जात होता आणि बाहेर काहीच जात नव्हतं. पातळी दाखवणारा ट्रान्समीटर फक्त तळाच्या काही फुटांपुरताच मोजू शकत होता, आणि तो तर पातळी हळूहळू उतरतेय असं दाखवत होता. वेगळा हाय लेव्हल अलार्म होता, तो वाजला नाही. कॉलम भरला, द्रव उसळून बाहेर आला, पेटला. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने २००७मध्ये अहवाल दिला. त्यात पडद्याबद्दल काय आहे? आत किती जातंय ते एका पानावर होतं, बाहेर किती जातंय ते दुसऱ्या पानावर. दोन्ही शेजारी ठेवून वजाबाकी दाखवणारं पान नव्हतं. पॅनेलवरचा माणूस एकाच वेळी तीन युनिटं बघत होता, आणि कित्येक आठवडे सुट्टीशिवाय रोज बारा तासांची शिफ्ट करत होता.

तोच जमाखर्च. वेल्समधल्या अहवालाने जे स्पष्ट लिहून ठेवलं होतं, तेच आठ वर्षांनी समुद्रापलीकडे पुन्हा गायब. हे तंत्रज्ञानाचं अपयश नाही. एक वजाबाकी आणि पडद्यावर चार आकडे. एखादा शिकाऊ इंजिनिअर दुपारभरात करेल. मग का होत नाही? कारण प्रणालीची मागणी लिहिताना आपण उपकरणांची यादी देतो: इतके ट्रान्समीटर, इतके व्हॉल्व्ह, इतके लूप. जमाखर्च हे उपकरण नाही. त्याला टॅग नंबर नाही. म्हणून तो यादीत येत नाही, म्हणून पडद्यावर येत नाही, म्हणून चाचणीत त्याच्यासमोर टिक नसते. नसलेल्या गोष्टीची चाचणी कोण घेणार?

आणि मार्गदर्शिकेचाही गैरवापर होतो, तोही सांगायला हवा. दहा मिनिटांत एक अलार्म असा आकडा मिळाला, की तो आकडा गाठणं हेच काम होऊन बसतं. जो अलार्म सारखा वाजतो तो बंद करून टाकायचा. तो का वाजतो, हे विचारायचं नाही. महिन्याच्या अहवालात आलेख खाली येतो, सगळे खूश. गोंगाट कमी झाला, पण पडदा काही शहाणा झाला नाही. गप्प पडदा आणि समजणारा पडदा यात फरक आहे.

तर मग काय करावं? आमच्या मते तीन गोष्टी, आणि तिन्ही साध्या आहेत. पहिली, प्रणालीची मागणी लिहिताना पहिलं प्रकरण यंत्राचं नको, माणसाचं हवं. प्लांट बिघडला तर या खुर्चीतल्या माणसाने काय ओळखायचं, काय करायचं, आणि त्याच्याकडे किती मिनिटं आहेत? प्रत्येक अलार्मपुढे ही तीन उत्तरं लिहा. उत्तर नाही, तर अलार्म नाही. दुसरी, पहिल्या पानावर जमाखर्च दाखवा. आलं किती, गेलं किती, साठलं किती. मीटर खोटं बोलू शकतो, व्हॉल्व्हचा सिग्नल खोटं बोलू शकतो. तिघांचा मेळ बसत नसेल तर कोणीतरी खोटं बोलतंय, एवढं तरी कळेल. तिसरी, चाचणी वादळाची घ्या. सिम्युलेटरवर लाइट घालवा, शंभर गोष्टी एकदम बिघडवा, आणि खुर्चीत आम्हाला बसवू नका. रात्रपाळीच्या माणसाला बसवा. तो म्हणाला 'कळत नाही', तर ती प्रणाली नापास. तो नापास नाही.

शेवटी एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, तो घेतो. "आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. अलार्मच्या गर्दीतून ती नेमकं कारण शोधून देईल. मग हा सगळा प्रश्न उरतो का?" चांगला प्रश्न आहे. ती मदत करेल, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण १९५९पासून प्रत्येक टप्प्यावर हेच वाक्य बोललं गेलं आहे, फक्त यंत्राचं नाव बदललं. बेनब्रिज यांची कसोटी इथेही लावा. ती यंत्रणा जे करू शकणार नाही, ते कोणावर पडणार? त्या माणसाला ते करायचा सराव कुठे मिळणार? आणि चुकलं तर मेमो कोणाला? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं लेखी असतील, तर खुशाल बसवा. आम्हीच येऊन बसवून देऊ. (हशा)

काका निवृत्त झाले. ती प्रणाली आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन सुधारली, अलार्म निम्म्याहून कमी केले, थंड पाण्याचं एक वेगळं पान केलं. त्या कामाच्या कागदांत सुधारणेचं कारण म्हणून 'ग्राहकाची विनंती' असं लिहिलंय. ते खरं नाही. खरं कारण आज इथे सांगितलं. काकांच्या फायलीतला मेमो मात्र तसाच आहे.